तीस हर्ट्झची थरथर

पितळेचे म्हणून पुण्यातून आणलेले २४ स्क्रू मी बाबांसमोर ठेवले. त्यांनी एक उचलला, व्हाइसमध्ये आवळला आणि डोक्यावर कानशीचे दोन हात मारले. पिवळ्याखालून पांढरं चकाकलं. "ह्ये पितळ न्हवं. आत लोखंड हाय, वरनं नुसता मुलामा," म्हणत त्यांनी तो स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला.

आमचं वर्कशॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात. दोन दिवसांनी हेच स्क्रू बोटाला थरथर देणाऱ्या यंत्राच्या साच्यात बसून पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या एमआरआय खोलीत, लोखंड ओढून घेणाऱ्या प्रचंड चुंबकाशेजारी, जाणार होते, आणि त्या साच्यात कुणाची तरी बोटं असणार होती. मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर. दुकानदार ‘ब्रास’ म्हणाला, रंग पिवळा दिसला, मी पिशवीत टाकले. चुंबक लावून बघायची साधी गोष्ट माझ्याकडून राहिली होती. तेव्हापासून माझ्या बॅगेत दोऱ्याला बांधलेला निओडिमियमचा चुंबक असतो. कुठलाही सुटा भाग आला की चुंबक लोंबता धरायचा, भाग हळूच जवळ न्यायचा. दोरा हलला की भाग बाद. चुंबक हातात धरला तर हलकी ओढ कळत नाही, लोंबत्यावर लगेच दिसते. भंगारातून ओतलेल्या पितळेत लोखंडाचा अंश राहू शकतो, आणि लेथच्या टूलचा कण जॉबमध्ये रुतून बसतो, हेही त्या दोऱ्यानंच दाखवलं.

काम निघालं ते न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर मॅडमकडून. पक्षाघातातून सावरणारे त्यांचे काही रुग्ण असे होते, की हात परत उचलायला लागला, मूठ वळायला लागली, पण डोळे मिटले की हातात किल्ली आहे का नाणं हे सांगता येईना. हाताची ताकद आलेली, स्पर्श आलेला नाही. अशा माणसाच्या बोटाला काही लागतं तेव्हा मेंदूत कुठे हालचाल होते आणि महिन्यांगणिक ती कशी बदलते, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी फंक्शनल एमआरआय. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं, आणि ऑक्सिजन असलेल्या व नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण वेगळे असल्यामुळे चित्रात बारीकसा फरक पडतो. सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनी हा परिणाम १९९० मध्ये दाखवला आणि १९९२ पासून माणसांवर तो वापरला जाऊ लागला. फरक अगदी थोडा, एखाद-दोन टक्क्यांचा, आणि तोही लगेच नाही; बोटाला स्पर्श झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी तो शिगेला पोचतो.

आधी मॅडम स्वतःच स्कॅनरशेजारी उभ्या राहायच्या. कानात हेडफोन, ‘टीं’ वाजलं की मऊ ब्रश रुग्णाच्या तर्जनीवर फिरवायचा, परत ‘टीं’ झालं की थांबायचं. मला बोलावलं ते केवळ वेळेची नोंद करायला. मी त्यांना बाहेर टेबलावर एका नाजूक वजनकाट्यावर तसाच ब्रश फिरवायला सांगितला. पहिल्या मिनिटात दाब बराच सारखा होता. दहाव्या मिनिटाला तो जवळजवळ दुप्पट झाला होता, आणि वेगही वाढला होता. मॅडम काट्याच्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे मार्चचं स्कॅन आणि जूनचं स्कॅन यांत मेंदू बदलला की माझा हात बदलला, हे मला सांगताच येणार नाही," त्या म्हणाल्या. यंत्र करायचं ठरलं ते या वाक्यावर.

एरवी हे काम सोपं आहे. फोन थरथरतो तशी एक मोटर बोटाला बांधली की झालं. पण फोनच्या मोटरमध्ये कायमचुंबक आहे, तांब्याची गुंडाळी आहे, पोलाद आहे. एमआरआयच्या खोलीत यातलं काहीच चालत नाही. आमचा स्कॅनर ३ टेस्लाचा. पुण्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जेवढं असतं, त्याच्या सुमारे ७०,००० पट. आणि हे चुंबक रात्री बंद होत नाही. निओबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास बुडवलेली असते. तिच्यातून एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. खोलीत कुणी नसताना, दिवे मालवलेले असतानाही ते तितकंच जोरात ओढत असतं. आमच्या टेक्निशियन दादांचा नियम होता, की दारात प्रत्येकानं खिसे उलटे करून दाखवायचे. रोज येणारा असो, प्रमुख असो, सगळ्यांनी. मला तो नियम मनापासून आवडायचा.

ओढ हा एकच धोका असता तरी निभावलं असतं. स्कॅन चालू असताना ग्रेडियंटच्या गुंडाळ्या सेकंदाला शेकडो वेळा क्षेत्र बदलतात, त्यामुळे कुठल्याही धातूच्या वेटोळ्यात प्रवाह उभा राहतो. शिवाय सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडल्या जातात. लांब वायर त्या पकडते, तापते, आणि त्वचेला टेकलेली असेल तर भाजते. उलट दिशेनंही गोची आहेच. मेंदूतून परत येणारा रेडिओ संकेत इतका क्षीण असतो, की बाहेरचा गोंगाट आत शिरू नये म्हणून सगळी खोली तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली असते. माझी एक वायर भिंतीतून आत गेली, की त्या पत्र्याला भोक पडलं म्हणून समजा.

म्हणून पहिला विचार हवेचा. हवेला ना लोखंड लागतं ना वायर. कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह बाहेर कंट्रोल रूममध्ये, भिंतीतल्या नळातून सात मीटर लांबीची प्लास्टिकची नळी आत, आणि तिच्या टोकाला बोटाखाली रबराचा पडदा. व्हॉल्व्ह उघडला की पडदा फुगून बोटाला ढुशी देणार. टेबलावर हातभर नळी जोडून पाहिलं तेव्हा झकास चाललं. सात मीटर जोडली आणि सगळं लोण्यासारखं मऊ झालं. आवाजाच्या वेगानं दाबाची लाट पोचायलाच २० मिलिसेकंद लागतात, पण ती अडचण नव्हती, तेवढा उशीर हिशेबात धरता येतो. खरी अडचण अशी, की हवा दबते आणि नळी फुगते. सेकंदाला तीन ढुशा दिल्या तर तीन पोचत. पंचवीस दिल्या तर टोकाला नुसता एक सुस्त फुगवटा उरे. नळीच्या दोन्ही टोकांना दाबाचे सेन्सर लावून आलेख काढले. एकीकडे करवतीचे दाते, दुसरीकडे टेकडी.

मला पंचवीस-तीसच का हवे होते, तेही सांगते. बोटाच्या टोकाशी त्वचेत निरनिराळे ग्राहक असतात. माइस्नर कणिका हलक्या थरथरीला, साधारण ५ ते ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५ ते ५० कंपनांना, चांगल्या जाग्या होतात. पॅसिनी कणिका खोलवर असतात आणि २५० हर्ट्झच्या आसपास इतक्या तल्लख, की त्वचा मायक्रॉनपेक्षाही कमी हलली तरी त्यांना कळतं. मर्केल ग्राहक टेकून राहिलेला दाब आणि कडा ओळखतात. म्हणजे ‘स्पर्श’ असा एक नाहीच. यंत्र करणाऱ्यानं आधी ठरवायचं असतं, की आपण नक्की कुणाचं दार वाजवतोय. पॅसिनीची अडचण ही, की हाडातून, टेबलातून, कुठूनही आलेलं कंपन त्यांना पोचतं. थरथर तर्जनीला दिली तरी शेजारची बोटं साक्ष देतात. आम्हाला बोटं वेगवेगळी बघायची होती. म्हणून ३० हर्ट्झ ठरले.

हवा बाद झाल्यावर पिझो. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही होतं, वीज दिली की स्फटिक वाकतो. आजच्या पिझो पट्ट्या सिरॅमिकच्या असतात, आइस्क्रीमच्या काडीपेक्षा बारीक. एक टोक पक्कं धरून २०० व्होल्टपर्यंत दाब दिला की दुसरं टोक मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतकं हलतं. लोखंड नाही, गुंडाळी नाही, प्रवाह नगण्य. पट्टीच्या टोकाला डेल्रिनची, म्हणजे एका कडक प्लास्टिकची, गोल मुंडी बसवली, ६ मिलिमीटर व्यासाची. त्या मुंड्या बाबांनी टर्न केल्या. प्लास्टिकचा जॉब तापला की वितळून टूलला चिकटतो, म्हणून हळू फीड आणि धारदार टूल. दहा मुंड्यांना त्यांनी अख्खी सकाळ घेतली आणि दहाही मायक्रोमीटरवर सारख्या भरल्या.

मात्र २०० व्होल्ट बोटापासून दोन मिलिमीटरवर येणार होते. हे ऐकून एथिक्स कमिटीतल्या एका सदस्यांनी पेन खाली ठेवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. पट्टीवर इन्सुलेशनचे दोन वेगळे थर, प्रत्येक वाहिनीत प्रवाह रोखणारा रोधक, म्हणजे पट्टी तडकली आणि पहिला थर फाटला तरी अंगाला बसणारा प्रवाह जाणवण्याच्या पातळीखाली राहील. हे कागदावर लिहून पुरत नाही. मी एक पट्टी मुद्दाम फोडली, खाऱ्या पाण्यात बुडवली आणि मीटरचं वाचन त्यांच्यासमोर घेतलं.

मग वायरी. स्कॅनर दिवसभर रुग्णांसाठी, आम्हाला मिळायचे ते रात्री साडेनऊनंतरचे तास. पहिल्या रात्री माणूस आत नव्हताच, पाण्याचा फँटम, म्हणजे माणसाऐवजी ठेवायचं पाण्याचं भांडं, होता. यंत्र बंद असताना चित्र स्वच्छ. वायर नुसती जोडली, चालूही केली नाही, आणि चित्राच्या मधोमध चेनसारखी ठिपक्यांची रेघ उमटली. दादा बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही अँटेना आत घातलीत." वायर मी त्याच नळातून नेली होती जिथून हवेची नळी नेत असे. त्या नळातून प्लास्टिक चालतं, ऑप्टिकल फायबर चालतं. धातूची तार गेली की तिच्यासोबत बाहेरचं सगळं रेडिओ जग आत येतं. पुढचे सहा आठवडे त्या एका रेघेमागे गेले. वायर भिंतीवरच्या फिल्टर पॅनेलमधून घेतली, तिथले फिल्टर माझे ३० हर्ट्झ जाऊ देतात आणि मेगाहर्ट्झ अडवतात. केबल पिळाची आणि जाळीदार कवचाची. कवच एकाच ठिकाणी अर्थ केलं. रेघ फिकी झाली, गेली नाही. शेवटी ती निघाली माझ्या पॉवर सप्लायमध्ये. स्वस्तातला, स्विचिंगचा होता, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करणारा आणि त्यामुळे रेडिओ गोंगाट करणारा. तापकीर गल्लीतून एक जुन्या पद्धतीचा, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा वजनदार सप्लाय बांधून आणला, तो बाहेर ठेवला, आणि रेघ पुसली गेली. त्या रात्री दादांनी सगळ्यांना चहा पाजला.

केबल आत कशी मांडायची याचेही नियम पक्के केले: कुठेही वेटोळं नाही, अंगाला स्पर्श नाही, बोअरच्या, म्हणजे स्कॅनरच्या बोगद्याच्या, मधल्या रेषेतून सरळ बाहेर. फायबरच्या तापमापकानं १५ मिनिटांच्या स्कॅनमध्ये केबल आणि साचा किती तापतात ते मोजलं, मगच स्वतः आत झोपले.

आणि झोपल्यावर जे जाणवलं ते कुठल्याही गणितात नव्हतं. यंत्र बंद होतं, तरी बोटाला थरथर लागत होती. सिरसिरती, बारीक, स्कॅनरच्या आवाजाबरोबर सुरू होणारी. साचा बेडवर नीट बसावा म्हणून मी खाली अॅल्युमिनियमची प्लेट घातली होती. अॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, म्हणून दोऱ्याच्या परीक्षेत ते पास झालं होतं. पण ते वीज वाहतं. ग्रेडियंट बदलला की प्लेटमध्ये भोवरे-प्रवाह उठतात, त्या प्रवाहांवर ३ टेस्लाचं क्षेत्र बळ लावतं, आणि प्लेट थरथरते. आत नेताना ती पाकात बुडवल्यासारखी जड सरकत होती, तेव्हाच मला उमगायला हवं होतं. मी स्पर्शाचं यंत्र केलं होतं आणि स्कॅनर माझ्या आधी बोटाला स्पर्श करत होता. प्लेट काढून अॅक्रिलिक घातलं. तेव्हापासून साच्यातला प्रत्येक धातूचा तुकडा काढून टाकायचा ध्यासच घेतला. त्या मुलाम्याच्या स्क्रूंच्या जागी आणलेले खऱ्या पितळेचे स्क्रूही गेले, नायलॉनचे आले.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते एका रिकाम्या स्कॅननं. मॅडमचा आग्रह होता, की एक फेरी अशी घ्यायची ज्यात सगळं तसंच चालेल, फक्त मुंडी बोटापासून दोन मिलिमीटर दूर असेल. स्पर्श नाही, म्हणजे मेंदूत काही दिसायला नको. आठ जणांवर घेतली. तिघांमध्ये ठिपके उमटले, दोन्ही कानांच्या बाजूला, ऐकण्याच्या भागात. पट्टीची घरघर त्यांना ऐकू येत होती. स्कॅनरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कानात बोळे असतात, तरीही सलग आवाजातून नवीन लय कान वेचून काढतो. एकीमध्ये तर हाताच्या भागातही थोडा ठिपका होता, कारण कंपन साच्यातून मनगटाला पोचत होतं. आधीच्या महिन्याची आमची ‘सुंदर’ चित्रं मी बाजूला काढली आणि एकही वापरली नाही. साचा आणि मनगट यांच्यामध्ये फोमचे दोन थर आले. पट्टीला दिलेल्या लाटेचे कोपरे गोल केले, त्यानं घरघर कमी झाली. हेडफोनमध्ये सतत एक गुणगुण लावली. मग पुन्हा रिकामी फेरी, आणि या वेळी चित्र रिकामं आलं. रिकामं चित्र एवढ्या आनंदानं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर खरी फेरी. उजव्या हाताच्या बोटांना थरथर, डाव्या मेंदूत मधल्या खाचेच्या लगेच मागे, जिथे कड उलट्या ओमेगासारखी वळते तिथे, एक घट्ट ठिपका. अंगठा खाली आणि बाहेर, करंगळी वर आणि आत, दोघांत साधारण एक-दोन सेंटीमीटर अंतर. मेंदूचे शल्यचिकित्सक विल्डर पेनफील्ड आणि त्यांचे सहकारी एडविन बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून हाच नकाशा काढला होता. आम्ही तो कवटी न उघडता, नायलॉनच्या स्क्रूंवर बसवलेल्या सहा मिलिमीटरच्या मुंडीनं पाहत होतो. डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला संकोच नाही.

रुग्णांच्या आधी त्यांच्या वयाचे निरोगी लोक हवे होते. तिथे आमच्या फॉर्मचा कस लागला. ‘शरीरावर टॅटू आहे का?’ या प्रश्नावर जुन्नरकडच्या एका आजींनी ‘नाही’ वर खूण करवून घेतली. कपाळावर आणि दोन्ही हातांवर ठसठशीत गोंदण. टॅटू पोरांचा, गोंदण आपलं. त्यांच्या दृष्टीनं उत्तर खरंच होतं. काही टॅटूंच्या रंगात लोहाची संयुगं असतात आणि ती तापू शकतात, म्हणून तो प्रश्न. जुनं गोंदण बहुधा काजळीचं असतं, तरी विचारायला तर हवं. फॉर्मवर ‘गोंदण’ शब्द आला, त्याच्यामागे ‘मंगळसूत्र’, ‘जोडवी’, ‘साडीची पिन’, ‘परकराच्या नाडीला अडकवलेली किल्ली’ असे एकेक येत गेले. जाणिवेचे प्रश्नही बदलले. ‘संवेदना कमी वाटते का’ याला सगळे हो म्हणत. ‘मुंग्या येतात, बधिर वाटतं, की कापडातून लागल्यासारखं वाटतं?’ असं विचारलं की लोक विचार करून नेमकं सांगत.

आजींची जोडवी निघेनात. बोटं सुजलेली. साबण लावून, दोरा गुंडाळून दादांच्या सहकारी ताईंनी अर्धा तास खटपट केली, पण जोर करायचा नाही हे आधीच ठरलं होतं. त्या दिवशी स्कॅन झालं नाही. आजी पंधरवड्यानं परत आल्या, जोडवी काढूनच. गावातल्या सोनारानं कापून दिली होती. मी ओशाळले. त्या म्हणाल्या, "डाक्टरीनबाईंनी पेशंटांचं सांगितलं व्हतं ना. मग यायचंच."

खोली थंड असते, आणि गार बोटांना बारीक थरथर कमी जाणवते, म्हणून गोधडी होतीच. हात साच्यात नीट बसवला, नखावरून मऊ पट्टा घेतला, बेल हातात दिली. चाळीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. डोक्याच्या हालचालीचा आलेख आमच्या तरुण पोरांपेक्षा सपाट होता.

बाहेर आल्यावर चहा घेताना म्हणाल्या, "मधल्या बोटाला एकदा चुकलं बरं का. बाकीच्यांना लागलं, त्याला न्हाई. दुसऱ्यांदा लागलं."

संगणकावरच्या नोंदीत प्रत्येक आदेश बरोबर गेलेला दिसत होता. मी त्यांना तसं सांगणार होते. मग मुंडीखालच्या सेन्सरची कच्ची नोंद उघडली, जी आम्ही एरवी बघत नव्हतो. सातव्या फेरीत तिसऱ्या वाहिनीवर १२ सेकंद सरळ रेघ होती. आदेश गेला होता, पट्टी हलली नव्हती. कनेक्टरची एक पिन सैल.

मी परत आत गेले, तिथे बसून कनेक्टर उघडला. आजी दारातून विचारत होत्या, "सापडलं का?" पिन दाखवली. त्यांनी ती जवळून बघितली, मग विचारलं, "पुन्हा झोपू का मग?" त्या रात्री नाही, म्हटलं. पुढच्या मंगळवारी कुलूप असलेला कनेक्टर बसवला, आणि सेन्सरची कच्ची नोंद प्रत्येक स्कॅनच्या शेजारी पडद्यावर चालू ठेवायला सुरुवात केली. मधल्या बोटाची फेरी त्यांच्यावर त्याच आठवड्यात पुन्हा घेतली.